तोलाराचा डावा पाय

सन दोन हजार तेवीस. तेव्हा तो अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि मी सहासष्टचा. त्याचं नाव लिहीत नाही, कारण सोलापूरच्या मार्केट यार्डात त्याला नावानं कोणी हाक मारलीच नाही. सगळे त्याला तोलार म्हणायचे. माल तोलतो तो तोलार, असे यार्डात पुष्कळ आहेत. पण नुसतं 'तोलार' म्हटलं की हाच. दवाखान्यातल्या लोकांनी मात्र त्याला वेगळं नाव ठेवलं होतं. 'ते वजनवाले.' त्या नावाचा मला राग आहे, आणि मी मेल्याशिवाय तो जायचा नाही.

तो लई जाड होता. आडवळणानं सांगून काय उपयोग? त्याची आई तशीच होती, थोरली बहीण तशीच. मंगळवेढ्याकडचं घर, ज्वारी खाणारं, रानात राबणारं. त्यातलं कोणी लोळत पडलेलं मी पाहिलं नाही. तो स्वतःला जाड म्हणायचा नाही. "मी भरलेला हाय," म्हणायचा. "तोंड शिवायच्या आदी पोतं दाबून भरत्यात की न्हाई, तसा देवानं भरलाय. शिवताना त्याचा हात दुकला आसंल."

सकाळी यार्डात आला की आधी खांद्यावरच्या पंच्यानं काटा पुसायचा. कुणाला पुसू द्यायचा नाही. पहिलं पोतं काट्यावर पडलं की आमच्यात 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. जुनी रीत आहे. पण ह्यानं ती रीत यार्डाबाहेर नेली. चहाचा पहिला कप लाभ. ताटात पहिली भाकरी पडली की लाभ. त्याची बायको कावायची, "घरात तरी गप जेवा की वो. मी काय आडत्या हाय?" तो म्हणायचा, "आडत्या आसतीस तर येवडी चांगली भाकरी दिली आस्तीस व्हय?"

दुसरी त्याची तऱ्हा म्हणजे काट्यावर माणूस चढू द्यायचा नाही. पोरंटोरं नाहीत, हमाल नाहीत, कोणीच नाही. "काटा मालाचा हाय. मानसाचं वजन चारचौगांत करायचं नसतंय." लोक मागं म्हणायचे, स्वतः जाड आहे म्हणून दुसऱ्याला चढू देत नाही. असेल. मग त्यात काय वाईट?

एकदा एका आडत्याचा, म्हणजे मालाच्या दलालाचा, जावई पुण्याहून आला होता. कडक इस्त्रीचे कपडे, हातात मोबाईल. लिलाव संपून तोलाई चालू होती आणि हा पठ्ठ्या मध्येच काट्यावर जाऊन उभा राहिला.

तोलार म्हणाला, "उतरा."

"एक मिनिट हो. वजन बघतोय."

"दर काय लावू?"

"कसला दर?"

"काट्यावर चढल्यालं रिकामं उतरत न्हाई हितं. दर लागतोय. मोटा कांदा लावू का गोल्टी?"

गोल्टी म्हणजे बारका, निवडून बाजूला टाकलेला कांदा. सगळे हमाल फिदीफिदी हसले, जावई लाल होऊन उतरला. आडत्या धावत आला, कामावरून काढतो म्हणाला. तोलारानं काट्यावर पंचा फिरवला आणि पुढच्या पोत्याला हाक मारली. त्याला काढणार कोण? त्याच्या तोलावर शेतकरी कधी शंका घ्यायचे नाहीत.

तिसरी गोष्ट त्याच्या स्टुलाची. हॉटेलात, लग्नात, दवाखान्यात सगळीकडे त्या प्लास्टिकच्या खुर्च्या. दोन वेळा तो खाली पडला आणि लोक उचलायच्या आधी हसले. मग त्यानं वेल्डरकडून जाड पट्ट्यांचं एक लोखंडी स्टूल करून घेतलं. जाईल तिथं ते खांद्यावर. माझ्या धाकट्या लेकीच्या लग्नाच्या फोटोत व्याह्यांच्या मागं ते स्टूल दिसतं. व्याही अजून विचारतात, "ते काय वो, मांडवाचं राहिलं होतं का?"

आता साखरेचं सांगतो.

यार्डात हमालांसाठी तपासणीचं शिबिर झालं. त्यात मला साखर निघाली आणि त्यालाही निघाली. एकाच दिवशी, एकाच टेबलावर. आम्हाला मोठ्या दवाखान्यात जायला सांगितलं. कुठला ते लिहीत नाही. आम्ही दोघं जोडीनं गेलो, एका रांगेत बसलो, मी बाकावर आणि तो त्याच्या स्टुलावर. मी काटकुळा. उभ्या आयुष्यात माझ्या अंगाला मांस लागलं नाही. तो मला चिडवायचा, "आबा, तुमाला वाऱ्याच्या दिवसात खिशात दगड ठिवून फिराय पायजे."

आधी मी आत गेलो. डॉक्टर तरणा होता, चष्मेवाला, बोलायला गोड. म्हणाला, "आजोबा, चपला काढा." माझा पाय त्यानं स्वतःच्या हातात घेतला. हमालाचा पाय, भेगा पडलेला. बोटांच्या मधे बघितलं. एका काडीला बांधलेला बारीक दोरा तळव्याला टोचून टोचून विचारलं, "जाणवतंय का? इथं? आणि इथं?" डोळे तपासायला चिठ्ठी दिली. गोळ्या कधी घ्यायच्या ते दोन वेळा समजावलं. अनवाणी फिरू नका म्हणाला. मी बाहेर आलो तेव्हा मला वाटलं, माणूस देवासारखा आहे.

मग तोलार आत गेला. दार उघडंच होतं.

"वजन किती?"

"म्हाईत न्हाई, सायेब."

"त्या मशीनवर उभे राहा."

कोपऱ्यात ते घरगुती मशीन होतं, भाजीवाल्याच्या पाटीएवढं. हा तोलार, ज्यानं जन्मभर काट्यावर माणूस चढू दिला नाही, तो डॉक्टर म्हणाला म्हणून चढला. मशीनचा आकडा गेला आणि नुसत्या आडव्या रेघा आल्या. सिस्टरनं तोंडावर हात ठेवला. हसू मात्र डोळ्यातून दिसायचं ते दिसलंच.

डॉक्टर म्हणाला, "आधी वजन कमी करा. जेवण निम्मं करा, चाला. वजन कमी करून या, मग बघू."

झालं. एवढंच. गोळ्यांची चिठ्ठी सरकवली, पण चपला काढा म्हणाला नाही. दोरा हातात घेतला नाही. डोळ्यांची चिठ्ठी नाही. आजार एक, रांग एक, डॉक्टर एक.

बाहेर आल्यावर तोलारानं स्टूल खांद्यावर टाकलं आणि मला विचारलं, "आबा, तुमच्या पायाला काय केलं वो त्येनं?"

"दोरा लावला."

"गुदगुल्या झाल्या का?"

"झाल्या की."

"मला बी लावला आस्ता तर दोरा काय तुटला आस्ता व्हय?"

तो हसला. मला हसू आलं नाही.

नंतर दर खेपेला तेच. रक्तदाब बघायचा पट्टा त्याच्या दंडाला पुरायचा नाही. सिस्टर ओढून बांधायची, तो चर्रकन सुटायचा. मी विचारलं, "मोठा पट्टा नसतो का बाई?" म्हणाली, "असतो. मागवलाय." तो मागवलेला पट्टा मी कधी बघितला नाही. तोलार म्हणायचा, "बाई, सुतळीनं बांदू का? माज्या खिशात हाय." ती काहीतरी आकडा लिहून टाकायची. न बघताच लिहिलेला आकडा. आमच्या यार्डात तोलारानं असा आकडा लिहिला असता तर शेतकऱ्यांनी त्याला काट्याला बांधला असता.

त्यानं वजन कमी करायचा प्रयत्न केला नाही असं कोणी म्हणू नये. मी साक्षीला आहे. पहाटे मालाच्या गाड्यांच्या मधून तो चालायचा. गूळ सोडला, भात सोडला. दुपारी आमच्या डब्यात कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही असायचं. तो अर्धी भाकरी मोडून बाकीची माझ्याकडं सरकवायचा. एकदा उपाशीपोटी गोळी घेतली आणि घामानं निथळत पोत्यांवर कोसळला. साखर खाली गेली होती. एका हमालानं तोंडात गूळ घातला म्हणून उठला. तर पुढच्या खेपेला डॉक्टर काय म्हणाला? "फरक दिसत नाही. चोरून खात असाल."

चोर! अख्ख्या यार्डाचा माल ज्याच्या हाताखालून गेला, त्याला चोर म्हणाला, आणि तेही त्याच्याच घरच्या भाकरीचा.

त्या दिवशी तो घरी जाताना एवढंच म्हणाला, "आबा, तितं समदे माज्या पोटाशी बोलत्यात. माज्याशी कुनी बोलंना."

मग दाभणाचं झालं. पोती शिवायची जाड सुई म्हणजे दाभण. यार्डात कुठंही मोडून पडलेली असतात. एक तुटकं दाभण त्याच्या चपलेतून आरपार डाव्या तळव्यात घुसलं आणि त्याला कळलं नाही. काही म्हणता काही कळलं नाही. दिवसभर त्याच पायावर उभा राहून तोलत होता. मलाच दिसलं, काट्याच्या कडेला लाल डाग. आधी वाटलं कोणी पान खाऊन थुंकलंय. मग तो एक पाऊल सरकला आणि दुसरा डाग पडला.

"तोलार, पाय वर कर."

"का? काय झालं?"

"वर कर म्हणतो ना."

त्याला स्वतःचा तळवा दिसायचा नाही. पोट आड यायचं, वाकता यायचं नाही. मी ते दाभण उपटलं तेव्हा तो मला विचारत होता, "निगालं का?" दुखणं नव्हतंच. पायातली जाणीव कधीच गेली होती. ज्या दोऱ्यानं ते कळतं तो दोरा त्याच्या पायाला कोणी लावलाच नव्हता.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दवाखान्यात. मी त्याच्याबरोबर आत घुसलो. डॉक्टर खुर्चीतूनच बोलला, "वजनामुळे पायावर ताण येतो. जखमा अशाच होणार. मलम देतो."

मी म्हणालो, "सायेब, त्याला चप्पल काढा म्हणा की."

"आजोबा, तुमचा नंबर आहे का?"

"नाही."

"मग बाहेर थांबा."

मी बाहेर थांबलो. मोठ्या आवाजात भांडायला पाहिजे होतं, पण तोलारानंच डोळ्यानं गप केलं. त्याला वाटायचं, आपण भांडलो तर पुढच्या खेपेला एवढंही बघणार नाहीत.

मलमानं काय व्हायचं? ताप आला. पाऊल सुजून भाकरीसारखं टम्म फुगलं, करंगळी काळी पडली. बायकोला वासानं कळलं. ॲडमिट केलं. तिथला दुसरा डॉक्टर, कापाकापीचा, पाय बघून ओरडला, "इतके दिवस काय करत होता?" जसं काही आम्ही घरी पत्ते खेळत होतो. म्हणाला, आत्ताच्या आत्ता चिरून पू काढला तर पाय वाचेल. पण भूल द्यायची तर वजन लागतं. वजनाशिवाय भूलवाला हात लावणार नाही. आणि दवाखान्याच्या मशीनवर आडव्या रेघा.

सिस्टर म्हणाली, "बाहेरून वजन करून आणा."

मी तिला विचारलं, "येवढ्या मोठ्या दवाखान्यात जाड माणूस कधी आलाच नाही का?"

रिक्षावाला म्हणाला, "काका, माफ करा, गाडीचा पाटा जाईल." शेवटी आमचा कांद्याचा टेम्पो बोलावला. मागच्या फळीवर पोतं अंथरून त्याला बसवलं आणि यार्डात आणलं. लिलावाची वेळ. सगळा यार्ड भरलेला. त्याच्याच काट्याजवळ टेम्पो लागला. तापानं तो नुसता वाफाळत होता, पण काटा दिसल्यावर म्हणाला, "ह्येच्यावर न्हाई, आबा."

"दुसरा कुठला आणू?"

"ह्येच्यावर न्हाई."

त्याची बायको रडायला लागली. मग मी यार्डात उभा राहून बोंब ठोकली, "पाठी फिरवा रे! सगळ्यांनी पाठी फिरवा!" लिलाव थांबला. हमाल आधी फिरले, मग शेतकरी, मग व्यापारी. एक आडत्या तेवढा तोंड करून उभा होता, तोच, जावयाचा सासरा. "काय दर लावायचा, तोलार?" म्हणाला. एका हमालानं त्याला खांद्याला धरून फिरवला. तोलार चढला. तेव्हा त्याच्याकडं बघत होतो फक्त मी, त्याची बायको आणि वजन वाचणारा अक्कलकोटचा दुसरा तोलार. त्यानं आकडा मोठ्यानं पुकारला नाही. चिठ्ठी लिहिली, घडी घालून माझ्या हातात दिली.

तिथंच घात झाला. आमच्यात माल तोलला की पोत्याचं, म्हणजे बारदानाचं वजन वजा करून खाली दुसरा आकडा लिहितात. जन्मभराची सवय. अक्कलकोटच्या तोलाराचं मन जाग्यावर नव्हतं, आणि हातानं सवयीप्रमाणं बारदान वजा करून खाली दुसरा आकडा लिहिला. माणसाचं बारदान! मी वाचलंच नाही, घाई होती.

दवाखान्यात टेबलावरचा माणूस म्हणाला, "दोन आकडे आहेत. कुठला खरा?"

"वरचा."

"असं तोंडी चालत नाही. नीट लिहून आणा. आणि भूलतज्ज्ञ गेले आता, उद्या सुट्टी आहे, परवा बघू."

"अहो, माणूस हितं समोर पडलाय. खाटेवर. बघा की त्याच्याकडं!"

"ओरडू नका. हा दवाखाना आहे."

मी परत जाऊन दुसरी चिठ्ठी आणली. ती चिठ्ठी सुट्टी संपेपर्यंत टेबलावर पडून राहिली. अक्कलकोटचा तोलार माझ्या गळ्यात पडून रडला, "आबा, माजी कै चुकली, माज्या कैनं घात केला." कै म्हणजे हात, रडताना त्याला कानडीच येते. मी त्याला म्हणालो, "तुझा हात सवयीनं चुकला. त्यांचा डोळा कशानं चुकला?"

तोलाराला हे कळलं तेव्हा तो ग्लानीत होता, तरी हसला. "बारदान वजा केलं व्हय? मग मागं काय ऱ्हायलं का बगा आबा. मी तर समदा बारदानच हाय म्हनत्यात हितं."

परवा आला तेव्हा पू वर चढला होता. कापाकापीचा डॉक्टर म्हणाला, आता पाऊल नाही, गुडघ्याखाली काढावं लागेल. त्याच्या बायकोचा अंगठा घेतला. डावा पाय गेला.

तो जगला. हे खरं, आणि त्याबद्दल त्या कापणाऱ्या डॉक्टरला मी हात जोडले. पण ज्या दिवशी घरी सोडणार होते त्या दिवशी जे झालं ते ऐका.

घरी सोडताना गोळ्या ठरवायच्या म्हणून तो चष्मेवाला डॉक्टर आला, सिस्टर आली, आणि तिच्या हातात तेच मशीन. म्हणाली, "बघू या का एकदा?" मी आणि वॉर्डबॉयनं दोन्ही बगलेत हात घालून त्याला उभा केला, एका पायावर. आम्ही क्षणभर हात सोडले. आकडा आला. रेघा नाहीत, चक्क आकडा. तापानं तो झडला होता, अन्न जात नव्हतं, आणि पायाचं वजन काय थोडं असतं?

सिस्टर खुशीत म्हणाली, "अय्या, आलं की वजन! कमी झालंय, सर."

डॉक्टरनं कागदावर लिहिलं आणि मान हलवली. "छान. व्हेरी गुड. असंच चालू ठेवा."

वॉर्डात शेजारच्या खाटांवरचे लोक बघत होते. तोलार खाटेवर बसला. खाली गुंडाळलेल्या बँडेजकडं बघितलं, मग उजव्या पायाकडं. आवाज न चढवता म्हणाला, "सायेब, अजून येक हाय. कमी करायचं आसंल तर."

डॉक्टरनं कागद उलटसुलट केले आणि पुढच्या खाटेकडं गेला.

आम्ही त्याला टेम्पोतून घरी पोचवला. त्याची बायको म्हणाली, "आबा, दोन घास खाऊन जावा." मी जेवलो नाही. घरी येऊन नुसता बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्याच दवाखान्यात गेलो. माझा नंबर नव्हता. साखरेच्या रांगेत एक बाई भिंतीला टेकून उभी होती, चाळिशीच्या आतली, चांगली जाड. बाकावर एकाची जागा होती, तरी बसली नव्हती. बसली असती तर दोघांना उठावं लागलं असतं. मी उभ्यानंच वाट बघितली. तिचा नंबर आला, ती आत गेली आणि लगेच बाहेर आली.

मी विचारलं, "पोरी, काय म्हनले?"

"वजन कमी करा म्हनले, आज्जा."

"चप्पल काढायला लावली?"

"न्हाई वो. तळवं बधिर पडल्यात म्हनून तर नातेपुत्यासनं आले मी."

"चल आत."

"नंबर गेला की माजा."

"चल म्हणतो ना."

दारात शिपाई आडवा आला. मी जन्मभर पोती घेऊन गर्दीतून वाट काढलीय, असला शिपाई मला काय अडवणार? बाईला आत घातलं आणि मी दारात उभा राहिलो, दोन्ही हातांनी चौकट धरून.

डॉक्टरनं मला ओळखलं. "आजोबा, आज काय?"

"हिचा पाय बघा."

"तपासलंय मी त्यांना."

"पाय बघा."

"बाहेर पेशंट खोळंबलेत, कळत नाही का?"

"खोळंबू द्या. मी बी हितंच हाय."

मागं रांगेत आरडाओरडा झाला. कोणीतरी विचारलं काय भानगड आहे, कोणीतरी सांगितलं, आणि हळूहळू आवाज थांबला. बाईनं चपलेचा बंद सोडायला हात खाली नेला. हात पोचेना. पुन्हा नेला. पोचेना. तिनं माझ्याकडं बघितलं. मी जागचा हललो नाही. डॉक्टरनं सिस्टरकडं बघितलं, सिस्टरनं डॉक्टरकडं. मी चौकट आणखी घट्ट धरली.

मग डॉक्टरनं खुर्ची मागं सारली, उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि तिच्या पायापाशी खाली बसला.